नाणेघाटाच्या पोढी आणि मानमोडीची अपुरी लेणी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिमेकडील घाटमाथा पावसाळ्यात धुक्यात बुडालेला असतो. परंतु चैत्र-वैशाखात त्याच काळ्या कातळावर घोटभर पाणी मिळणे कठीण होते. आहुपे घाटाने असो वा नाणेघाटाने, कोकणातून चढून आलेल्या माणसाची पहिली गरज पाण्याचीच असते. लेणी पाहावयास जाणारे आपले उपासक चैत्यगृहाची कमान पाहतात, स्तूपाला वंदन करतात आणि उतरू लागतात. दाराशेजारी कातळात खोदलेल्या टाक्याकडे क्वचितच कोणी वळून पाहतो. शिलालेखांच्या प्राकृतात या टाक्याला ‘पोढि’ म्हटले आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या पोढींचा, आणि त्यांच्या आसपास अर्धवट टाकून दिलेल्या लेण्यांचा.

प्रारंभ नाणेघाटापासूनच करणे योग्य. कल्याण बंदराचा माल याच खिंडीतून जुन्नरला येई. माथ्यावर एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी लोकश्रुती आहे. खिंडीतील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या पुतळ्यांची रांग होती. विल्यम साइक्स १८२८ साली येथे आला; त्या मूर्ती आज नष्ट झालेल्या आहेत. माथ्यावरील नावांवरून सिमुक, सातकर्णी, नायनिका इत्यादींची ओळख पटते. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेख हा मात्र यज्ञांचा हिशेब आहे. अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा तेथे आकड्यांनिशी नोंदल्या आहेत; एके ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती असा उल्लेख येतो. या लेखाला ‘बौद्ध लेणे’ म्हणून मिरविण्याची चूक आपल्याकडून अधूनमधून होते, ती टाळली पाहिजे. तो वैदिक राजलेख आहे, आणि तसा असण्यातच त्याचे मोल आहे.

कारण त्याच घाटात एक छोटासा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी, एवढीच त्यातील हकीकत. राजाच्या नावाला त्यात जागा नाही, बिरुदांना नाही. हा गोविंददास बौद्ध होता की नव्हता, हे लेखावरून ठरत नाही, आणि तसा दावा आपण करू नये. पण ज्या वाटेवर राजकुलाने दक्षिणेचा हिशेब भिंतभर कोरविला, त्याच वाटेवर बंदराकडील एका साध्या माणसाने पाणी दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या समाजाच्या वंशजांना या दोन लेखांतील अंतर निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

घाट ओलांडून जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत आल्यावर तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री अशा समूहांत मिळून लहानमोठी दोनशेच्या आसपास लेणी आहेत. इ.स. पूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचा हा खोदकामाचा काळ. धान्याच्या व्यापाऱ्यांची एक श्रेणी सात खोल्यांचे लेणे देते व त्याबरोबर पोढीही देते. यवन इरिल दोन पोढी देतो. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम वर्ष ४६ मध्ये मानमोडीवर एक पोढी व एक मंडप करवितो. हे वर्ष शक संवताचे धरल्यास इ.स. १२४ येते. नहपानाच्या नाशिकच्या लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा ज्ञात आकडा एका टाक्यावर कोरलेला आहे! इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढाया येतात; टाके येत नाही.

आता अपुऱ्या लेण्यांकडे वळू. मानमोडीच्या भूतलिंग समूहातील चैत्यगृहाचा दर्शनी भाग कौशल्याने घडविलेला आहे, कमानीत गजलक्ष्मी आहे, यवन चंदाचे नाव आहे. आतील काम मात्र पुरे झालेले नाही. अंबिका समूहातही असेच एक अर्धवट चैत्यगृह आहे. प्रवासी याला ‘फसलेले लेणे’ म्हणून पुढे जातात. अभ्यासकाला तर अपुरे लेणेच अधिक शिकविते. पुरे झालेल्या लेण्यात छिन्नीच्या खुणा घासून नाहीशा केलेल्या असतात. अपुऱ्या लेण्यात खोदकाम वरून खाली कसे उतरत गेले, छत आधी व जमीन शेवटी का, हे उघड दिसते. परात बांधावी लागू नये, ही त्यामागची साधी व्यवहारबुद्धी. या खोदणाऱ्यांची नावे शोधू जावे तर बहुधा निराशा होते. काऱ्ल्याला धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचा उल्लेख सापडतो, तेव्हा म्हणूनच मन हरखते.

काम वर्षानुवर्षे चाले आणि मध्येच थांबेही, याची विनयपिटकाला पूर्ण जाणीव आहे. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात नवकम्माची, म्हणजे बांधकामावरील देखरेखीची, मुदत ठरवून दिली आहे: लहान विहाराला पाच-सहा वर्षे, अड्ढयोगाला सात-आठ, मोठ्या विहाराला किंवा प्रासादाला दहा-बारा. त्याच प्रकरणात भगवान बुद्धांनी ज्या पाच ‘लेणां’ची अनुज्ञा दिली, त्यांत गुहा हा एक प्रकार आहे, पालीतील ‘लेण’ म्हणजे आसरा. राजगृहाच्या श्रेष्ठीला त्याचे विहार आलेल्या व यावयाच्या, चारही दिशांच्या संघाला अर्पण करावयास तेथे सांगितले आहे. जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी दिलेले दान, ही कल्पना घाटवाटेवरच्या टाक्याला किती चपखल लागू पडते!

दान देऊन दाता निघून जाई. मग लेणे राखावयाचे कोणी? याचे उत्तर अंबिका समूहातील लेखांत आहे. आदुथुम नावाचा शक उपासक वडालिका येथे करंजाशी निगडित २० निवर्तने आणि कटपुटक येथे वडाशी निगडित ९ निवर्तने जमीन कोणाचिक श्रेणीकडे सोपवितो. दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडून दरमहा यावयाच्या रकमा आहेत, एकीकडून पावणेदोन आणि दुसरीकडून पाव. लेखातील आकड्याचा शब्दही आपल्या ‘पावणेदोन’च्या अगदी जवळचा आहे. ज्यांना पुढील काळात गावगाड्याने बुरूड म्हणून गावकुसाजवळ बसविले, त्या कारागिरांच्या पूर्वसूरींची पत दुसऱ्या शतकाच्या सुमारास एवढी होती की संघाने आपल्या निर्वाहाची ठेव त्यांच्याकडे ठेवावी. वर्णव्यवस्था अनादी आहे असे सांगणाऱ्यांसमोर हा लेख ठेवावा.

तिसऱ्या शतकानंतर नवे खोदकाम थांबले. श्रेणी मोडल्या, ठेवी बुडाल्या, वाटा बदलल्या. ओसाड पडलेल्या गुंफांना पुढे नवी नावे मिळाली. लेण्याद्रीचा वीस खोल्यांचा विहार आज गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे, आणि शेजारच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदताचा लेख आजही आहे. मानमोडीच्या एका समूहाला भीमाशंकर म्हणतात; भीमेच्या उगमाजवळील देवस्थानाशी त्याची गल्लत होऊ नये. सगळीच नावे मात्र नंतरची नाहीत. मानमोडी हे नाव ‘मानमुकड’ या रूपात तेथील एका प्राचीन लेखातच येते, आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. तेव्हा प्रत्येक देवीचे नाव पाहून संतापण्यापूर्वी लेख वाचावा, हे बरे.

लेख वाचावयाचे तर उन्हे तिरपी असताना जावे. भर दुपारी अक्षरे भिंतीत मिसळून जातात. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ साली छापलेली वाचने जवळ असली तर उत्तम, कारण त्यानंतरच्या ऊन-पावसात अक्षरे झिजतच गेली आहेत. शिवनेरीवर छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान पाहावयास जाणारे हजारो असतात. त्याच डोंगराच्या कड्यातील लेण्यांकडे वळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेथे यवन चित याने संघाला दिलेल्या भोजनमंडपाचा लेख आहे. लेख अगदी लहान आहे: दात्याचे नाव, तो ‘गतां’पैकी असल्याची नोंद, जिच्या अर्थाबद्दल विद्वानांत अजून एकमत नाही, आणि भोजनमंडप हे त्याचे देयधर्म.