कृषी विस्तार अधिकारी : कार्यसमाधान व निर्णयप्रक्रिया (छत्रपती संभाजीनगर जिल्हा)

शासकीय योजना व नवे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणारे क्षेत्रीय अधिकारी-कर्मचारी. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांत कृषी विभागाची रचना जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यापासून तालुका व मंडळ कृषी अधिकाऱ्यांमार्फत गावपातळीवरील कृषी सहायकापर्यंत (2025 पासून सहायक कृषी अधिकारी) पोहोचते. पंचायत समित्यांत जिल्हा परिषदेचे विस्तार अधिकारी (कृषी) असतात. योजनांचे निकष, लक्ष्यांक व निधी वरून ठरतात; प्रात्यक्षिकाचा प्लॉट, शेतीशाळेची वेळ, कपाशीवरील गुलाबी बोंडअळी किंवा मक्यावरील लष्करी अळीबाबत तातडीचा सल्ला यांत क्षेत्रीय कर्मचाऱ्याचा निर्णय महत्त्वाचा असतो. कार्यसमाधान निर्णयाच्या या मोकळिकीशी निगडित आहे. शेतकऱ्यांच्या विश्वासाने ते वाढते. पंचनामे, ऑनलाइन नोंदी, अनेक गावांचा भार व रखडलेल्या पदोन्नतीमुळे घटते. म्हणून लक्ष्यांक ठरविताना गावपातळीवरील अनुभवाला स्थान मिळणे आवश्यक आहे.