शिळा पहारा

चोराचे वर्णन चौकीवर लावले म्हणून गाव निर्धास्त होत नाही. चोर वेष पालटतो. संगणकांच्या जाळ्यांचा इतिहास हेच सांगतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या, आपोआप पसरणाऱ्या 'वर्म'ने हजारो संगणक जेरीस आणले. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे मदतकेंद्र उभे राहिले. त्याच सुमारास ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी करून पहारा सुरू झाला; पण १९९० मध्ये प्रत्येक लागणीत रूप बदलणारा विषाणू आला आणि यादी लंगडी पडली. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्येच दुसरी वाट दाखवली होती : चेहरा नव्हे, नेहमीच्या वागण्यातला फरक पाहा.

तरी आळस उरलाच. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील भगदाडासाठी ठिगळ दिले. ज्या यंत्रांना ते लागले नव्हते, त्यांना १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने गाठले; ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. उपाय दोन महिने हाताशी होता! ज्ञान शिळे झाले, की पहारेकरी जागा असूनही आंधळा ठरतो.