घंटा आधी, नाव मागून

सन १३१८. पश्चिम फ्रान्समधल्या सँत गावात तुम्ही उभे आहात. शाराँत नदीवर अंधार उतरतोय. लाकडी घरांच्या वस्तीत रात्री एक ठिणगीसुद्धा महागात पडते, म्हणून समोरची बाई चुलीतले निखारे राखेखाली लोटते आहे. तेवढ्यात चर्चची घंटा होते. ती हात झटकून गुडघे टेकते आणि येशूची आई मारिया हिची ‘आवे मारिया’ ही प्रार्थना तीनदा पुटपुटते.

कॉन्व्हेंटच्या शाळेत ही प्रार्थना तुमच्या कानावरून गेलेली. तुम्हीही सूर धरता. पण बाई अर्ध्यावरच थांबते आणि तुम्ही एकटेच पुढे म्हणत राहता! पापी जनांसाठी विनवणीचा तो उत्तरार्ध रोमच्या प्रार्थनाग्रंथात पक्का व्हायला १५६८ साल उजाडायचंय. बाई चमकून बघते. तिच्यासमोर घंटेच्या या प्रार्थनेचं आजचं नाव, ‘अँजेलस’, घेतलंत, तर देवदूत कुठं दिसला म्हणून ती आभाळाकडे पाहील. तिच्या लेखी ही ‘आवे’ची घंटा.

याच वर्षी पोप बाविसावे जॉन अविन्योंहून सँतच्या या रिवाजाला मान्यता देतात. १३२७ मध्ये रोमलाही तशीच घंटा वाजवायला सांगतात.

आता १४५६. ऑटोमन फौजा बेलग्रेडवर चालून आल्यात, आणि पोप तिसरे कॅलिक्स्टस फर्मान काढतात : दुपारीही घंटा वाजवा, प्रार्थना करा. पहाटेची घंटा तोवर ठिकठिकाणी रुळलेली आहे. दिवसाच्या तीन वेळा अशा वेगवेगळ्या निमित्तांनी जुळत जातात.

नाव मात्र अजून नाही. त्यासाठी १५६० च्या व्हेनिसला या आणि धर्मशिक्षणाची ही ताजी छापील पुस्तिका उघडा. ‘आवे मारिया’ तीनच आहेत, पण प्रत्येकीआधी एक वचन बसवलंय : दूतानं मारियेला निरोप दिला, तिनं तो स्वीकारला, शब्द देहधारी झाला. पहिल्या वचनाची सुरुवात ‘अँजेलस डोमिनी’, म्हणजे प्रभूचा दूत. आपण गणपतीच्या आरतीला नुसतं ‘सुखकर्ता’ म्हणतो, तसंच लोक या प्रार्थनेला ‘अँजेलस’ म्हणू लागले. मूळ ग्रीक ‘अँगेलोस’चा अर्थ साधा, निरोप्या.

तीनही वेळची विनवणी मारियेलाच, पण नाव लागलं ते निरोप आणणाऱ्याचं. पहिला शब्द त्याचा होता ना!