बाबांची पद्मिनी आणि ओव्हरड्राइव्ह

२००५ साली बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली. आमची गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. डोंबिवलीला घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं, "गाडी विकायची नाही. तू इंजिनिअर आहेस ना, मग हिला ऑटोमॅटिक करून आण." मी सॉफ्टवेअरवाला आहे हे त्यांना कधीच पटलेलं नाही.

पण मलाही कल्पना आवडली, कारण आदल्याच वर्षी ऑनसाइट असताना मी हा उद्योग डोळ्यांनी पाहिला होता. ओहायोतल्या एका सहकाऱ्याने १९६५ च्या फोर्ड फाल्कनमध्ये फोर्डचाच एओडी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला होता. प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला, गिअरबॉक्सखालचा आडवा सपोर्ट नवा बनवला, आणि थ्रॉटलची एक केबल जुळवण्यात दोन रविवार घातले. ती केबल चुकली की आतल्या क्लचप्लेटा जळतात म्हणे.

या गिअरबॉक्सची गंमत म्हणजे ओव्हरड्राइव्ह. साधारण टॉप गिअर 'डायरेक्ट' असतो, इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन पाऊण फेराही फिरत नाही तोवर शाफ्टचा एक पूर्ण होतो. म्हणजे ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३५०० फेरे घेत होतं, तिथे २५०० च्या आसपास भागतं. आवाज कमी, पेट्रोल कमी. अमेरिकेत हे आलं ते तेलाच्या दणक्यामुळे. १९७३ मध्ये तेल महागलं, १९७५ मध्ये तिथल्या संसदेने मायलेजचा कायदा केला, आणि ज्या कंपन्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकवर खूश होत्या त्यांनी चौथा जोडला. एओडी १९८० चा, जनरल मोटर्सचा ७००-आर४ १९८२ चा. म्हणजे आमच्या पद्मिनीच्याच वयाचा!

त्याच वर्षी कुर्ल्याला काय चाललं होतं? वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स तिथे फियाट ११०० चंच पुढचं रूप बनवत होती. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चार गती, चौथी डायरेक्ट. तेलाचा दणका आपल्यालाही बसला होता, पण गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं गिऱ्हाईक पाचवा गिअर कशाला मागेल? आणि खरं सांगायचं तर तो वापरणार कुठे? बोरघाटात दुसरा-तिसरा, पुढे जुन्या हायवेवर ट्रकच्या मागे पुन्हा तिसरा. माझं स्पष्ट मत आहे की इथे कंपनीच्या आळसाइतकाच रस्त्याचाही दोष होता. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण खुला झाला तेव्हा पद्मिनीचं इंजिन ऐंशीला सलग ओरडताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आई म्हणाली होती, "हिला अजून एक गिअर टाका हो कोणीतरी."

तर मी कल्याणच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी मला पाच मिनिटांत जमिनीवर आणलं. पद्मिनीत इंजिन उभं, त्यामागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट, आणि ओढणारी चाकं मागची. भारतात तोवर आलेल्या छोट्या ऑटोमॅटिक गाड्या, झेन वगैरे, सगळ्या पुढची चाकं ओढणाऱ्या. इंजिन आडवं आणि डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात. "साहेब, ह्याला मागे शाफ्ट कुठे लावू?" आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेसच जुळत नव्हता. (त्यात झेनचा ऑटोमॅटिक तीनच गिअरचा!)

जवळचं नातलग म्हणजे ११८ एनई. तीही प्रीमियरचीच, मागची चाकं ओढणारी, निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. ते इंजिन-गिअरबॉक्स पद्मिनीत बसवलेलं मिस्त्रींना माहीत होतं. पण क्लच तिथेही होताच. आणि पाच गिअरची प्यूजो ३०९, जी १९९४ पासून काही वर्षं प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या दारातच बनली, तिचं इंजिनही आडवं. शिवाय असला बदल आरसी बुकावर चढवायचा तर आरटीओची परवानगी. मिस्त्रींनी चहा पाजला आणि एक पैसा घेतला नाही.

घरी येऊन बाबांना सगळं चित्र काढून समजावलं. ते काहीच बोलले नाहीत, नुसता कागद घडी करून खिशात ठेवला. पुढची नऊ वर्षं गाडी कव्हरखाली. दर रविवारी मी सुरू करून कॉलनीला एक फेरी मारायचो, ते शेजारी बसायचे.

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली. नेहमीचाच पाच गिअरचा बॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. पाचवा अर्थातच ओव्हरड्राइव्ह. बाबा बहात्तराव्या वर्षी पुन्हा पुण्याला गाडी चालवत गेले, खालापूर टोलनाक्यापर्यंत डावा पाय नसलेला क्लच शोधत होता. पद्मिनी गेली ह्याचं वाईट वाटत होतंच. मग मी त्यांना सांगितलं की क्लच दाबणारं ते यंत्र मॅग्नेती मरेल्लीचं तंत्र आहे, आणि ती कंपनी फियाटच्या घरातली.

"मग आधी का नाही सांगितलंस," बाबा म्हणाले, आणि पाचव्यात गाडी सोडून दिली.