धूर गेला, वायू राहिला

सुरुवातीच्या जेट विमानांमागचा काळा धूर सर्वांना दिसे, म्हणून तो आधी हटला. नायट्रोजन ऑक्साइड सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. हवेतला नायट्रोजन अतितप्त ज्वालेत ऑक्सिजनशी जुळला की ते तयार होतात. १९७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड जॉन्स्टन यांनी स्वनातीत विमानांच्या या वायूंमुळे ओझोन घटेल असा इशारा दिला, तेव्हा कुठे या प्रश्नाला वजन आले. तरीही १९८१ च्या आंतरराष्ट्रीय नियमाने इंजिनातला दाब जितका जास्त, तितकी उत्सर्जनाची मुभा वाढवली: दर किलोन्यूटन रेट्यामागे ४० ग्रॅम, अधिक दाब-गुणोत्तराची दुप्पट. माझ्या मते, इथेच इंधनबचतीसाठी प्रदूषणाची किंमत मान्य झाली.

यावर आक्षेप असा, की जास्त दाबाने इंधन वाचते आणि कार्बन डायऑक्साइडही घटतो. मग सूट गैर कशी? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. नासाच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांतून दुहेरी कड्यांचा ज्वलनकक्ष पुढे आला. एक कडे कमी शक्तीला जळते, दुसरे उड्डाणावेळी पेटते आणि भरपूर हवेमुळे ज्वाला तुलनेने थंड ठेवते. १९९० च्या दशकात तो प्रवासी विमानांत आला. म्हणजे मार्ग होता. निकडच उशिरा आली.