जलविज्ञानीय प्रतिमाने : विदेचे विभेदन आणि अचूकता

पाऊस, जमिनीचा चढउतार, माती व भू-वापर यांवरून नदीचा प्रवाह किंवा पुराची पातळी काढून देणारी गणिती मांडणी म्हणजे जलविज्ञानीय प्रतिमान. त्यात घातलेली विदा किती अंतराअंतरावर आणि किती वेळाने मोजलेली आहे, हे तिचे विभेदन. विदा जितकी बारीक तितके उत्तर अचूक, हा समज अर्धाच खरा आहे. पाणलोट केवढे आणि पाणी किती झपाट्याने उतरते, यावर विभेदनाची गरज ठरते. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या पावसाची 24 तासांची नोंद सांताक्रूझला 944 मिमी., तर सुमारे 25 किमी.वरच्या कुलाब्याला अवघी 74 मिमी. होती. दोहोंची सरासरी 509 मिमी.; म्हणजे दोन्हीकडे न पडलेला पाऊस! भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या जाळीबद्ध दैनिक पर्जन्यविदेतील 0.25 अंशाच्या चौकोनाची बाजू साधारण 27 किमी. भरते, आणि मुंबईतल्या मिठी नदीची लांबी जेमतेम 18 किमी. आहे. शिवाय ती काही तासांतच चढते, त्यामुळे दिवसाच्या एका आकड्यावरून तिचा पूर उमगत नाही. गोदावरीच्या 3 लाख चौ. किमी.हून मोठ्या खोऱ्यात मात्र स्थानिक चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात, आणि दैनिक विदेवर बरेचसे भागते.

उंचीच्या विदेचेही असेच आहे. झांग व माँटगोमेरी या संशोधकांनी 1994 मध्ये अमेरिकेतील दोन लहान पाणलोटांवर 2 ते 90 मी.च्या जाळ्या तपासल्या. 30 व 90 मी.पेक्षा 10 मी.ची जाळी पुष्कळच सरस ठरली. त्याखालच्या 2 किंवा 4 मी.च्या जाळीने फारसे काही साधले नाही. जाळी भरड झाली की उतार सपाट होतात आणि प्रतिमानातले पाणी संथ वाहते. अंशशोधनाने, म्हणजे मोजमापाशी जुळेपर्यंत प्रतिमानातील गुणांक बदलून, ही उणीव भरून निघते, असा आक्षेप घेतला जातो. पाण्याला होणारा अडथळा दाखवणारा खडबडीतपणाचा गुणांक कमी करून मोजलेल्या प्रवाहाशी मेळ घालता येतो, हे खरे. पण तो चुकीच्या कारणाने आलेला बरोबर आकडा असतो आणि वेगळ्या पावसात फसतो. संगणक स्वस्त झाल्याने सर्वांत बारीक जाळीच घ्यावी, हा दुसरा युक्तिवाद तर मोजमापाचाच विसर पाडणारा. अवकाशयानातील रडारने 2000 साली टिपलेल्या उंचीत छपरे आणि झाडांचे शेंडेही मिसळलेले आहेत. त्या 30 मी.च्या विदेची अंतर्वेशनाने (मधल्या किमती अंदाजाने भरून) 5 मी.ची जाळी केली, तर चौकोन 36 पट होतात. माहिती तेवढीच राहते.