कर्जतचा ‘एस’ आणि ईमॅक्सची ‘किल’

डोंबिवलीच्या फलाटावरील दर्शकावर ‘एस’ उमटला, की रोजचा प्रवासी ओळखतो : कर्जत. ‘एन’ म्हणजे कसारा. ठाण्याला ‘टी’, कल्याणला ‘के’ हे समजण्यासारखे. पण कर्जतला ‘एस’ का? रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली आणि पुढे तिला दोन फाटे फुटले : ईशान्येचा कसाऱ्याकडे, आग्नेयेचा कर्जतकडे. ‘नॉर्थ-ईस्ट’चा ‘एन’, ‘साउथ-ईस्ट’चा ‘एस’. त्यात धिम्या गाडीची खूणही ‘एस’च! नवख्याला चूक उमगते ती शहाडऐवजी विठ्ठलवाडी आल्यावर.

संगणकाच्या इतिहासात हाच पेच आज्ञापूर्तीपाशी उभा राहिला. आज्ञेची पहिली अक्षरे टंकावीत आणि उरलेली यंत्राने पुरवावीत, ही सोय अमेरिकेतील बीबीएन या संस्थेच्या टेनेक्स प्रणालीने १९७०च्या दशकारंभी रुळवली. तिचे खरे शहाणपण मात्र पुढे होते. ‘एस्केप’ कळ दाबली की आज्ञा तर पुरी होईच, शिवाय कंसात ‘कोठून’, ‘कोठे’ अशा अर्थाचे मार्गदर्शक शब्द उमटत. पुढे काय लिहायचे, हे यंत्रच सांगे.

कार्नेगी मेलन विद्यापीठात केन ग्रीअर यांनी १९७५ मध्ये या पद्धतीवर काम सुरू केले आणि पुढे ती युनिक्सच्या सी-शेलमध्ये आणली. त्यातून घडलेल्या ‘टीसीशेल’च्या नावातील ‘टी’ टेनेक्सचाच. नाव आले, पूर्तीही आली. ते कंसातले शब्द तेवढे मागे राहिले. हा तोटा फारसा कोणी मोजला नाही, कारण मोजणारे सारे रोजचे प्रवासी होते.

१९७६ मध्ये जन्मलेल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकात त्याची किंमत दिसते. त्याच्या आजच्या आवृत्तीत ‘किल’ टंकून टॅब दाबावा, तर नावांची रांगच उभी राहते. ‘किल-लाइन’ ओळीचा उरलेला भाग कापते आणि तो परत चिकटवता येतो. ‘किल-ईमॅक्स’ संपादकच बंद करते, तेही मजकूर जतन करायचा का हे न विचारता. यादीत मात्र दोघी शेजारणी, सारख्याच निरुपद्रवी चेहऱ्याच्या.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीत आज्ञांच्या या यादीत नावापुढे तिची जोडकळ दिसू लागली. मदत पुरवणाऱ्या काही आज्ञांच्या यादीत तर प्रत्येक नावापुढे एका ओळीचा अर्थही. टेनेक्सनंतर जवळजवळ अर्धशतकाने! तरीही अर्थ दाखवण्याची ही सोय मुळात बंदच असते. ती वापरणाऱ्याने शोधून चालू करायची. ज्याला तिची सर्वाधिक गरज, त्या नवख्याला ती आहे हेच ठाऊक नसते.